सशुल्क वाहिन्यांना रामराम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात व्हाइटफील्ड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संस्कृती, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. चिटणीसांनी मला निमंत्रण दिले तेव्हा त्यांचीही अपेक्षा तशीच असावी. ‘घरातील टीव्हीची मासिक वर्गणी बंद करावी काय’ हा विषय मी कळविला, तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते संकोचाने म्हणाले, “साहेब, विषय थोडा घरगुती होत नाही का?” होतो, हे मला मान्य आहे. परंतु माझी तीस वर्षे केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात दुसऱ्यांची बिले तपासण्यात गेली. ज्ञानेश्वरीवर बोलण्याचा अधिकार माझ्यापाशी नाही. बिलावर बोलण्याचा थोडाफार आहे. आणि या एका बिलाच्या तपासणीत माझी स्वतःचीच एक मोठी चूक उघडकीस आली, ती आपल्यासमोर कबूल करावी असे मनात आहे.

२०२४ च्या मार्चअखेरीची गोष्ट. कचेरीतील वर्षअखेर आटोपली की घरची खर्चाची वही पुढे ओढावयाची ही माझी जुनी सवय. त्या वहीत ‘टीव्ही रिचार्ज’ या सदराखाली दरमहा ४३६ रुपये, म्हणजे वर्षाला ५,२३२ रुपये पडलेले दिसले. रक्कम प्राण घेण्याइतकी नव्हे. पण या पैशांच्या मोबदल्यात घरात काय येते, हे पाहावे म्हणून मी पंधरा दिवस एक तक्ता ठेविला. दोनशेहून अधिक वाहिन्या आमच्या संचावर दिसत. त्यांपैकी पाहिल्या जात होत्या सात. मी बातम्यांच्या दोन आणि क्रिकेट असेल तेव्हा एक पाहत असे. आमच्या सौ. जे काही पाहतात ते मोबाइलवर, ओट्यापाशी उभ्याने. कन्या महाविद्यालयात आहे. टीव्हीसमोर बसणे हा तिच्या मते आजीआजोबांचा व्यवसाय. उरलेल्या चार वाहिन्या मराठी होत्या आणि त्या केवळ आई पाहत होती.

तक्ता पुरा झाला, निष्कर्ष स्पष्ट होता. सौ.नी मान डोलावली, कन्येने मानही वर केली नाही. ठराव एकमताने संमत झाला असे मी धरून चाललो. रात्रीच्या जेवणात आईला सांगितले की, एक तारखेपासून रिचार्ज करणार नाही. तिचे वय ८३. वडील गेल्यापासून ती आमच्याकडे असते. तिने ताकाची वाटी खाली ठेविली आणि म्हणाली, “तुझे पैसे वाचतील, हे खरे रे. पण संध्याकाळी सातनंतर या घरात माझ्याशी मराठीत बोलणारे कोण उरेल, तेवढे सांग.”

मंडळी, मी लेखापरीक्षणात अनेकांना निरुत्तर केले आहे. त्या रात्री मला उत्तर सुचले नाही. मी कोरमंगलाहून घरी पोहोचतो साडेआठला. सौ.ची नोकरी इथल्या एका कंपनीत. अमेरिकेत सकाळ झाली की त्यांच्या बैठका सुरू होतात, त्या आपल्या रात्री. कन्येचे मराठी ‘आजी, जेवलीस का’ एवढ्यावर आटोपते. कामाच्या बाई तेलुगू बोलतात, समोरचे बिऱ्हाड ओडिया, शेजारचे तमिळ. आईचे दिवसभरातले मराठी बोलणे पुण्याच्या मावशीशी फोनवर व्हावयाचे आणि संध्याकाळी त्या चार वाहिन्यांवरील माणसांशी. हो, बोलणेच. मालिकेतील सासूला ती मोठ्याने सल्ला देते, हे मी अनेकदा हसून ऐकले होते. माझ्या तक्त्यात त्याचा रकाना नव्हता.

थोडे मागे जाऊ या, कारण परगावी राहणाऱ्या मराठी माणसाचे आणि दूरचित्रवाणीचे नाते हा एक स्वतंत्र इतिहास आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागले. आमच्या वाड्यात एकच संच होता, तोही घरमालकांचा. ‘आमची माती आमची माणसं’ लागले की शेतीशी सुतराम संबंध नसलेले आम्ही वीस-पंचवीस जण खतांची माहिती एकाग्रतेने ऐकत असू. ‘गजरा’ असे, ‘चिमणराव’ असे. आम्हां मुलांना ते फुकट वाटे. पण घरमालक पोस्टात जाऊन दरवर्षी संचाच्या परवान्याचे शुल्क भरत. ते शुल्क १९८० नंतरच्या दशकात रद्द झाले. तेव्हा दूरदर्शन पाहण्यासाठी पैसे मोजणे ही काही नव्या जमान्याची पापे नव्हेत. फरक एवढाच की, पैसे एक जण भरी आणि पाहत असे सारा वाडा.

त्याच काळात आपल्या मंडळाचे आद्य सभासद इथे बेंगळुरूच्या या पूर्व भागात, कारखान्यांच्या वसाहतींतून राहत होते. बेंगळुरूचे दूरदर्शन केंद्र १ नोव्हेंबर १९८१ रोजी सुरू झाले, अर्थातच कन्नडमध्ये, आणि पुढील वर्षी १५ ऑगस्टला दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, तो हिंदी-इंग्रजीत. मराठीसाठी काय होते? रविवारी दुपारी निरनिराळ्या प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवीत असत. मराठीची पाळी कधी येते याकडे हे सभासद डोळे लावून बसत, आणि ती आली की ज्यांच्याकडे संच असे त्यांच्याकडे पोहे किती भिजवावे हा प्रश्न पडे. पुढे व्हीसीआर भाड्याने आणून सभागृहात मराठी चित्रपट दाखविण्याचे दिवस आले. पुण्यामुंबईहून येणाऱ्याच्या सामानात चितळ्यांच्या बाकरवडीबरोबर दोन कॅसेटी असल्याच पाहिजेत, असा दंडक होता म्हणतात. कॅसेट मध्येच अडकली की आतला फीत-गुंता पेन्सिलीने सोडविणारे एक सद्गृहस्थ आज पहिल्या रांगेत बसले आहेत.

मराठी घरोघर, रोज, हाताच्या अंतरावर आली ती मात्र पैसे भरण्याच्या वाहिन्यांमुळे, हे त्यांच्यावर टीका करताना विसरता कामा नये. १५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा मराठी’ सुरू झाली, तीच आजची झी मराठी. पाठोपाठ २००० साली ई टीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह. माझी बदली त्या काळात गुवाहाटीला झाली होती. तिथे केबलवाल्याला दरमहा वेगळे पैसे देऊन मी एक मराठी वाहिनी मागवून घेतली होती. पाऊस पडत असताना, ब्रह्मपुत्रेच्या काठी, मराठी बातम्या ऐकताना जे वाटे ते मी आज सांगू शकणार नाही.

मग बिघडले कुठे? १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती अमलात आली. तीत पहिल्या शंभर वाहिन्यांच्या वहनासाठी १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्या त्यावर वेगळ्या. हेतू चांगला होता: ज्याला जे हवे त्याने तेवढेच घ्यावे. पुढील वर्षी त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या द्याव्यात असे ठरले आणि २०२४ मध्ये ती कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली. प्रत्यक्षात एकेक वाहिनी निवडण्याचा खटाटोप कुणी करीत नाही. आपण गुच्छ घेतो. आणि इथेच परगावच्या माणसाची पंचाईत होते. माझ्या भावाच्या पुण्यातील गुच्छात मराठी वाहिन्या आपोआप येतात. मला इथे जो गुच्छ सुचविला गेला, त्यात कन्नड, तेलुगू, तमिळ होते, मुलांची कार्टुने होती, आणि मराठी मात्र वरून जोडून घ्यावयाची. म्हणजे ज्यांच्यासाठी रिचार्ज करावयाचे त्या वाहिन्या बिलाचा सर्वांत लहान भाग, आणि उरलेले सारे ओझे.

देशभर लोकांनी हे ओझे उतरविण्यास सुरुवात केली आहे. २०२० च्या अखेरीस सशुल्क डीटीएचचे ग्राहक सुमारे ७ कोटी होते, मार्च २०२५ मध्ये ते ५ कोटी ६९ लाखांच्या आसपास उरले. माझा एक आकडा त्या घटीत धरावा. पण तो धरण्यापूर्वी मला आईच्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे होते. एप्रिलचा रिचार्ज मी निमूटपणे केला आणि शोधास लागलो.

पहिला उपाय सरकारीच निघाला, याचा मला सरकारी नोकर म्हणून किंचित अभिमान वाटला. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेली दूरदर्शनची सेवा आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून चालते. छत्री आणि पेटी एकदा विकत घ्यावयाची, त्यानंतर मासिक वर्गणी शून्य. तीवर आपली सह्याद्री वाहिनी आहे. खासगी वाहिन्यांना तीवरील जागा लिलावात घ्यावी लागते, म्हणून काही मराठी वाहिन्या कधी दिसतात, कधी नाहीशा होतात. त्यांच्या भरवशावर राहू नये. सह्याद्री मात्र कायम. कुणी म्हणेल, गच्चीवरचा जुना ॲल्युमिनियमचा अँटेना का नको? त्याचे दिवस संपले. दूरदर्शनचे ते जुने जमिनीवरील प्रक्षेपण जवळजवळ सर्वत्र बंद झाले आहे.

या सेवेचा मार्ग मला कळला तेव्हा मी थक्क झालो. वरळीच्या केंद्रातील कार्यक्रम दिल्लीतील टोडापूरच्या भूकेंद्रावर जातो, तिथून विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहाकडे, आणि तिथून आपल्या छत्रीत. तो उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातून आकाशात गेला. पण घडला इस्रोच्या बेंगळुरूतील उपग्रह केंद्रात, म्हणजे आपण व्हाइटफील्डहून विमानपुराकडे जुन्या विमानतळ रस्त्याने जातो त्याच वाटेवर. शेजारच्याने बनविलेला हा दिवा इतक्या उंचीवरून वरळीचा उजेड आपल्या घरात पाडतो.

पाडतो म्हणजे, पाडील, जर छत्रीला आकाश दिसले तर! उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. बेंगळुरूहून छत्रीचे तोंड आग्नेयेस आणि क्षितिजापासून सुमारे ६६ अंश वर हवे. आमच्या बाल्कनीचे तोंड वायव्येस. भिंतीला भोक पाडण्यास संकुलाच्या नियमांत मनाई. गच्ची सर्वांची, तिथे एकाला परवानगी दिली की सारे मागतील, असे कार्यवाहांचे म्हणणे. त्यांचे चुकत नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर हेच टिपण लिहिले असते. मी एक सविस्तर अर्ज केला, मुद्दे क्रमांक घालून. त्याला उत्तर आले नाही. शेवटी तोडगा काढला तो रखवालदाराने. तो ओडिशाचा. त्याने विचारले, “साब, इसमें ओड़िया आता है?” येते, दूरदर्शनची ओडिया वाहिनी येते. समोरच्या ओडिया बिऱ्हाडाला हे कळले, चौथ्या मजल्यावरील बिहारी कुटुंबाला भोजपुरीचे कळले, आणि पुढील सभेत गच्चीवर एकच सामाईक छत्री बसवावी, तिला अनेक तोंडांचा एलएनबी लावून प्रत्येक इच्छुकाने स्वतःची तार ओढून घ्यावी, असा ठराव झाला. पहिली तार रखवालदाराच्या खोलीत गेली. माझ्या वाट्याला पेटी, तार आणि छत्रीचा हिस्सा मिळून १,८५० रुपये आले. आपल्यापैकी कुणी घेणार असेल तर पेटी एमपेग-४ पद्धतीची मागावी; जुन्या पेटीवर काही वाहिन्या दिसत नाहीत. आणि मुसळधार पावसात चित्र तुटते, तेव्हा दुरुस्तीवाल्याला बोलावू नये, चहा करावा.

क्रिकेटप्रेमींसाठी इथे एक गंमत सांगितलीच पाहिजे. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीस द्यावे असा कायदा संसदेने २००७ साली केला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, असे मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरील जाळ्यावर व स्वतःच्या फ्री डिशवरच दाखवावे. खासगी केबल व डीटीएचद्वारे ते जाऊ नये. परिणाम असा की, दरमहा पैसे भरणारा ग्राहक दूरदर्शनची क्रीडावाहिनी लावून त्या सामन्याऐवजी दुसरेच काही पाहत बसतो, आणि आमचा रखवालदार, एक पैसाही वर्गणी न देता, तोच सामना पाहत असतो. मी हल्ली षटकांचा हिशेब त्याला विचारतो.

आईचे काय झाले? सह्याद्रीवर ती पहिल्या दिवशी खूश झाली. बातम्यांतील शुद्ध उच्चार ऐकून म्हणाली, “हे आपल्याकडचे मराठी.” २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखविले तेव्हाची तिची ती जुनी आसनमांडी पुन्हा दिसली. पण आठवड्याने तिने स्पष्ट सांगितले: गाणी, मुलाखती, बातम्या उत्तम, मात्र तिची मालिका तिथे नाही, आणि त्या घरातील धाकट्या सुनेचे पुढे काय झाले हे तिला कळले पाहिजे. वृद्धांना काय पाहावे हे शिकविण्याचा मोह मला झाला होता. तो आवरला, कारण बिल जरी माझ्या नावाचे असले तरी संध्याकाळ तिची होती.

तेव्हा दुसरा उपाय. ती मालिका ज्या ॲपवर येते त्याची वर्षाची वर्गणी घेतली, सुमारे १,१०० रुपये. प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे ॲपही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झाले आहे, तेही टीव्हीवर घेतले. आता हिशेब ऐका. पहिल्या वर्षी खर्च २,९५०, बचत २,२८२. दुसऱ्या वर्षापासून बचत ४,१३२. माझ्यातला लेखापरीक्षक इथे एक शेरा मारतो: ॲप चालते ब्रॉडबँडवर, आणि त्याचे बिल मी या सदरात धरलेले नाही, कारण ते सौ.च्या नोकरीसाठी आधीपासूनच होते. ज्यांच्या घरी ते नाही त्यांनी केवळ टीव्हीसाठी ते घेतले तर बचत कुठल्या कुठे वाहून जाईल. जो कुणी आपल्याला ‘केबल तोडली, हजारो वाचले’ असे सांगेल, त्याला हे सदर जरूर विचारावे. आणखी एक. ॲपवाले आज स्वस्त देतात म्हणून उद्या देतील असे नाही. आयपीएलचे सामने २०२३ आणि २०२४ मध्ये मोबाइलवर फुकट दिसले. २०२५ मध्ये काही वेळ दाखवून वर्गणी मागितली गेली. म्हणून मी आपोआप नूतनीकरण होण्याची सोय बंद ठेविली आहे आणि वर्षाअखेरीची तारीख वहीत लाल शाईने लिहिली आहे.

एका गोष्टीचा अंदाज मला नव्हता. जुना रिमोट आईला पाठ होता. आकडा दाबला की वाहिनी. ॲप उघडणे, मालिका शोधणे, कालचा भाग कुठला आणि आजचा कुठला हे ओळखणे तिला जमेना. हे काम कन्येकडे आले. पहिले काही दिवस ती मालिका लावून दोन मिनिटांत पळे. मग आजी विचारू लागली, “ही कोण गं? हिने कालच तर घर सोडले होते ना?” उत्तर देण्यासाठी मुलीला थांबावे लागे, आणि उत्तर मराठीतच द्यावे लागे, कारण आजीला दुसरे चालत नाही. आता ती अर्धा-पाऊण तास बसते. पात्रांची यथेच्छ टिंगल करते, आजी रागावते. ‘कांगावा’, ‘आतल्या गाठीची’, ‘सोन्यासारखा संसार’ हे शब्द हल्ली तिच्या तोंडी येऊ लागले आहेत. अर्थात मैत्रिणींना चिडविण्यासाठी. परीक्षेच्या दिवसांत ती बसत नाही, तेव्हा आई रिमोटमध्ये तोंड घालून मालिकेचे नाव मोठ्याने सांगते. यंत्राला तिचे पुणेरी मराठी बऱ्यापैकी कळते. एकदा तिने त्याला “अहो, ऐकलंत का” असे म्हटल्याचे मी स्वतः ऐकले आहे.

गेल्या महिन्यात मी मंडळाची सभासद-यादी चाळली. पंचाहत्तरीच्या पुढील अकरा सभासद अशा घरांत आहेत, जिथे मुलेसुना दिवसभर कामावर असतात. त्यांच्यापैकी किती जणांच्या टीव्हीवर कोणत्या मराठी वाहिन्या दिसतात, कुणाला ॲप उघडता येते, हे आपण विचारले आहे काय? मुले बिल भरतात. पाहणाऱ्याला विचारण्याची आठवण, माझ्याप्रमाणेच, राहून जाते. सर्वांनी रिचार्ज बंद करावे असे मी म्हणत नाही. एखाद्या आजोबांना रोज आठ वाहिन्या फिरविण्यातच आनंद असेल, तर ते ४३६ रुपये औषधाच्या खर्चात धरावेत. सभागृहात ॲप लावून सर्वांनी एकत्र पाहावे, ही सूचना काहींनी केली. ती मात्र करू नये. घरगुती वर्गणीवर सार्वजनिक प्रयोग करणे नियमात बसत नाही, आणि मी अजून नोकरीत आहे.

माझी विनंती लहान आहे. या अकरा घरी मंडळाच्या तरुणांनी प्रत्येकी एक संध्याकाळ जावे, काय पाहावेसे वाटते ते आधी विचारावे, आणि मग ठरवावे. ज्यांच्या बाल्कनीतून वा गच्चीवरून आग्नेयेकडचे आकाश मोकळे दिसते, त्यांनी नावे चिटणीसांकडे द्यावीत. दिशा पाहण्याचे होकायंत्र कन्येच्या मोबाइलमध्ये आहे. शिडी माझ्याकडे आहे.